साळूबाईची कंबर

मुकुंदवाडीत साळूबाई ज्याला ठाऊक नाही असा माणूस शोधायला निघालात तर दमाल, आणि दमून शेवटी तिच्याच ओट्यावर पाणी मागायला बसाल. होळी झाली की अर्ध्या औरंगाबादच्या कुरडया तिच्या गच्चीवर वाळत पडायच्या. शहराचं नाव तेव्हा तेच होतं. गुलमंडीतल्या सुना, सिडकोतल्या मास्तरणी, ज्यांना स्वतःला धड पापड लाटता येत नाही पण पाहुण्यांसमोर मिरवायचं असतं अशा सगळ्याजणी तिच्या दारात यायच्या. का म्हणाल, तर तिची कुरडई तेलात पडली की कढईभर फुलायची आणि जिभेवर ठेवली की विरघळून जायची. दुसरीकडच्या कुरडया खाऊन लोकांच्या हिरड्या सोलून निघायच्या.

बाई बुटकी, सावळी, गोल तोंडाची. आवाज एवढा, की गच्चीवरून तिनं सुनेला हाक मारली तर खालून चाललेला भाजीवाला गाडा थांबवून वर बघायचा. बोलणं तिखट, पण पोटात काही नाही. आणि नेसणं असं, की नेसलेलं पातळ दिवसभर जागचं हलायचं नाही. सकाळी परकराचा नाडा आवळताना ती श्वास आत ओढायची, दातओठ खायची आणि अशी गाठ मारायची की संध्याकाळी सोडायला विळी घ्यावी लागेल असं वाटावं. आता एवढं आवळायचं कारण काय? कारण होतं, आणि ते शहागंजात घडलं होतं.

साळूबाईचा जन्म बिडकीनचा, पोलीस ॲक्शन झाली त्या सालचा. तिचे वडील पुंजाराम सांगायचे, "निजामाचं राज गेलं आन् घरात हिचं आलं." लग्न होऊन ती मुकुंदवाडीला आली तेव्हा मुकुंदवाडी म्हणजे निव्वळ गाव होतं, घराच्या मागं ज्वारी उभी असायची. मग शहर सरकत सरकत आलं, ज्वारीत प्लॉट पडले, आणि नवरा काकासाहेब नांगर सोडून चिकलठाण्याच्या कारखान्यात फिटर झाला. कारखान्यातल्या लोकांच्या बायका पाचवारी नेसायच्या. साळूबाईच्या मनानं घेतलं, आपणबी नेसायची. तिची थोरली जाऊ दगडाबाई तेव्हा पक्की नऊवारीतली. तिनं नाक मुरडलं. "आत परकर, वर पातळ! ही काय नेसण्याची तऱ्हा? चारचौघांत फजिती व्हईल तेव्हा समजंल."

काय सांगावं, बाईची जीभ काळीच असावी. पहिल्याच महिन्यात साळूबाई सिटी बसमधून शहागंजात उतरत होती, मागच्या कुणाचा तरी पाय निऱ्यांवर पडला, नाडा आधीच सैल, आणि भर बाजारात, टॉवरच्या घड्याळाखाली, पाचवारीनं तिची साथ सोडली. भाजीवाले, टांगेवाले, अवघं शहागंज बघत राहिलं. समोरच्या शिवणकामाच्या दुकानात एक पोरगी काजं करत बसली होती. तिनं गिऱ्हाइकाचं शिवायला आलेलं कापड उचललं, धावत आली, साळूबाईला गुंडाळलं आणि ओढत दुकानात नेलं. ती सगीरा. त्या दिवसापासून दोघींची जी मैत्री जडली ती जडलीच. सगीरा पुढं स्वतः बायकांचे कपडे शिवायला लागली, साळूबाईचे सगळे परकर तिच्याच मशीनवर शिवले गेले. आणि साळूबाईनं शपथ घेतली, जीव गेला तरी चालंल, नाडा सैल ठेवायचा नाही.

झालं. चाळीसेक वर्षं तिनं तो नाडा आवळला. त्यात कुरडयांचं काम. गव्हाचा चीक शिजताना पातेल्यावर उभं राहून दांड्यानं घोटायचा, वरून ऊन, खालून जाळ, घामानं परकर कमरेला चिकटलेला. आधी तिथं नुसतं लाल व्हायचं. मग खाज सुटायला लागली. मग कातडी काळी पडली, जाड झाली, भुसा पडल्यागत कोंडा पडू लागला आणि कमरेभोवती पट्टा बांधल्यासारखं काळं कडं उठलं. साळूबाईचा उपाय ठरलेला: खोबरेल तेल, हळद, कडुलिंबाचा पाला, बाजारात मिळणारं ते डोळ्यांतून पाणी काढणारं मलम. आणि सगळ्यांत मोठा उपाय म्हणजे नाडा आणखी आवळायचा. आवळलं की खाज मरते, असं तिचं शास्त्र होतं! आता या शास्त्राला काय म्हणावं?

एवढ्यावर तरी तिनं कुणाला दाखवलं असतं. पण एक दिवस आंघोळीला बसली असताना त्या काळ्या कड्यात तिला पांढरे ठिपके दिसले आणि बाईच्या पायाखालची जमीन सरकली. कोड! तिच्या मावसबहिणीचं लग्न अक्षता पडायच्या आधी मोडलं होतं ते एवढ्याशा पांढऱ्या डागापायी. आणि साळूबाईच्या घरात तेव्हा मुलाचं, कारभारीचं, लग्न ठरायचं होतं. झाकली मूठ तिनं तशीच ठेवली. मुलाचं लग्न झालं. मग नात झाली, मग नातीच्या लग्नाची काळजी. कमरेचं कडं कुणाला दिसलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. एकाच घरात राहून हे कसं जमलं असं विचारू नका, तिच्या घरात दिवा तिच्या हातानं मालवला जायचा एवढंच समजा.

तर तिला पासष्टावं लागलं त्या दिवाळीत नेमकी गाठ बसते तिथं, डाव्या अंगाला, एक जखम झाली. होईल बरी म्हणून तिनं चिंधीची घडी करून मध्ये ठेवली आणि वरून नाडा बांधला. संक्रांत आली तरी जखम तिथंच. उलट कडा वर आल्या, मधून पाणी यायला लागलं. साळूबाई आपला परकर आपणच धुवायला लागली, आणि तिथंच फसली.

सून आशा वैजापूरची. बोलायला थोडी, बघायला फार. जी सासू सून आल्यापासून बादलीला हात लावत नव्हती ती एकाएकी परकर धुते म्हणजे काय? एका सकाळी आशानं दोरीवरचा परकर उलटा करून पाहिला. धुऊनसुद्धा पट्टीवर पिवळट-तांबूस डाग राहिले होते.

"आत्याबाई, हे काय?"

"काय कुठं? बीट चिरलं व्हतं."

"बीट आपण दिवाळीपासून आणलेलं नाही."

"मंग गाजर असंल!"

आशानं सगीराला फोन केला. तासाभरात सगीरा रिक्षातून उतरली, बुरखा खुंटीला अडकवला, आशाला बाहेर उभं केलं, आतून कडी घातली आणि साळूबाईला म्हणाली, "दिखा."

"काय दाखवू? नाय दाखवायची."

"पूरे शहागंज को दिखा चुकी तू. मेरेको काय की शरम?"

यावर साळूबाईला हसू फुटलं. आणि बाई हसली की तिचा निम्मा जोर जातो. सगीरानं गाठ सोडली, पाहिलं, आणि ती मात्र हसली नाही. "या अल्ला," एवढंच म्हणाली. मग कडी काढून आशाला सांगितलं, "चलो. अब्बीच."

घाटीच्या सरकारी दवाखान्यात कातडीच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. टेबलावर झोपा म्हटल्यावर साळूबाई झोपली, पण नाडा दोन्ही हातांनी धरून. सोडा म्हटलं की ती म्हणायची, "इथूनच बघा की." डॉक्टरीणबाईंनी समजावलं, आशानं विनवलं, सगीरानं दोन शिव्या घातल्या. शेवटी तिनं डोळे गच्च मिटून घेतले आणि म्हणाली, "बघा. मपली नात लग्नाची हाय एवढं ध्यानात ठिवा. कोड हाय म्हणून बोर्डावर लिहू नका."

डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ पाहिलं. जखमेच्या कडा बोटानं चाचपल्या, जांघेत गाठी आहेत का ते बघितलं. मग खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या. "मावशी, पहिली गोष्ट, हे कोड नाही."

साळूबाईनं एक डोळा उघडला.

"नाड्यानं वर्षानुवर्षं घासून कातडी खराब झालीय. कुठं रंग वाढलाय, कुठं उडालाय. असे पट्टे पुष्कळ बायकांना असतात आणि बहुतेकींना त्यातून पुढं काही होत नाही. नाडा सैल केला, औषध लावलं की निवळतं. पण एकाच जागची कातडी इतकी वर्षं फाटत राहिली, भरत राहिली, तर क्वचित एखादीला त्या जागी कॅन्सर होऊ शकतो. ही जखम भरत नाहीये आणि कडा जाड आहेत. म्हणून छोटा तुकडा काढून तपासायला पाठवते. घाबरू नका, पण थांबूही नका."

आशाचा चेहरा उतरला. सगीरानं ओढणी तोंडाला लावली. आणि साळूबाई? साळूबाईनं त्या सगळ्या बोलण्यातलं पहिलं वाक्य घेतलं आणि बाकीचं टेबलावर सोडून ती उठली. कोड नाही! वीस वर्षं छातीवर धोंडा घेऊन ही बाई झोपत होती, तो आज उतरला. भूल देऊन तुकडा काढला, टाका घातला, तरी ती आपली हसतेच आहे. दवाखान्याच्या दारात तिनं ओळख ना पाळख अशा एका म्हातारीला थांबवून सांगितलं, "कोड नाय म्हनं!" म्हातारीनं बिचारीनं तिच्याकडं बघून हात जोडले. एवढ्यावर थांबेल तर ती साळूबाई कसली! गुलमंडीवर रिक्षा उभी करून तिनं इमरत्या घेतल्या, रिक्षावाल्याला एक दिली, सगीराच्या तोंडात एक कोंबली. सगीरा ती गिळता गिळता रडत होती.

"रडतीस कामून, येडे? मपली नात आता राजवाड्यात जाईल!"

घरी आल्यावर तिनं काकासाहेबांसमोर ताटली ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदा सगळं सांगितलं, काळं कडं, पांढरे ठिपके, चिंधी, सगळं. काकासाहेब मितभाषी माणूस. त्यांनी इमरतीचा तुकडा मोडला, हातातच धरला आणि विचारलं, "कोड नाय तर मंग मास काढून कशाला घेतलं त्यांनी?"

तेव्हा कुठं डॉक्टरीणबाईंचं उरलेलं बोलणं साळूबाईच्या कानात शिरलं. ती खाली बसली. काकासाहेबांनी तुकडा परत ताटलीत ठेवला. "मला कामून नाय सांगितलं इतकी वर्षं?"

"सांगितलं असतं तर तुमीबी जागले असते. मपल्या एकटीचं जागणं पुरं व्हतं की."

काकासाहेबांनी मान फिरवली. हा माणूस कधी कुणासमोर रडला नव्हता, त्यामुळं त्याला रडताही नीट येईना.

तुकड्याचा रिपोर्ट यायला वेळ होता, आणि तो वेळ साळूबाईनं कसा घालवला ते ऐका. तिनं आशाला चीक शिकवायला घेतला. हंगाम अजून दूर, ऑर्डर एकही नाही, तरी गहू भिजत पडले. "चीक शिजला की दांड्याला सोडायला लागतो, बघ. बोट पाण्यात बुडवून लावायचं, चिकटलं नाय तर उतरवायचा. ध्यानात ठिव. मी नसले तर कुणाला इचारशील?" हे 'मी नसले तर' असं ती भाजीत मीठ घालावं तितक्या सहज म्हणायची, आणि आशाचा हात घोटता घोटता थांबायचा. मग साळूबाई ओरडायची, "थांबू नको! गुठळ्या व्हत्येत!" एकदा न राहवून आशा म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही असणारच आहात." साळूबाईनं तिच्याकडं पाहिलं. तिला जगायचं होतं हो! नातीचं लग्न बघायचं होतं, आणखी कितीक कुरडया घालायच्या होत्या, काकासाहेबांच्या आधी जायचं नव्हतं, कारण तिच्या मते त्या माणसाला स्वतःचा चहासुद्धा करता येत नव्हता. पण एवढं सगळं तिनं सुनेला सांगितलं नाही. म्हणाली, "घोट मुकाट्यानं."

रिपोर्टात कॅन्सर निघाला.

डॉक्टरीणबाईंनी साळूबाईलाच समोर बसवून सांगितलं, कुणाला बाहेर न पाठवता. कातडीचा कॅन्सर आहे, पण सुरुवातीचा आहे, खोलवर गेलेला नाही, जांघेपर्यंत पसरलेला दिसत नाही. आजूबाजूची थोडी चांगली कातडी धरून तेवढी जागा कापून काढायची, मग सारखी तपासणी करत राहायचं. "लवकर आलात," असं त्या म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "म्हणजे अजून लवकर यायला हवं होतं. पण आलात."

"ह्या दोघींनी आणलं," साळूबाई म्हणाली. "मी कशाला येते?"

घरी बातमी फुटली आणि लोक भेटायला यायला लागले. ते लोक तुम्हाला माहीत आहेत. ओट्यावर बसायचं, तोंड लांब करायचं, अमक्याच्या काकूला झाला होता आणि तीन महिन्यांत आटोपलं, हे सांगायचं, चहा प्यायचा आणि जायचं. दोन दिवस साळूबाईनं ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी एक बाई डोळे पुसत आत आली, तर तिच्या हातात सूप देऊन म्हणाली, "रडायचंच हाय तर गहू निवडता निवडता रड, कामाला तरी येशील." त्यानंतर गर्दी ओसरली.

ऑपरेशनला डॉक्टर पुरुष निघाला, तिच्या मुलाच्या वयाचा. साळूबाईनं स्वतःच्याच पदरानं स्वतःचे डोळे झाकले. "तुमी बघा बापू, मी नाय बघत," म्हणाली. भूल तेवढ्या जागेपुरतीच होती, त्यामुळं तोंड मोकळं. टाके पडेपर्यंत तिनं डॉक्टराला कुरडईचा चीक कसा ओळखायचा ते सांगितलं, त्याची आई कुरडया विकतच्या घेते हे कळल्यावर हळहळली, आणि नर्सनं दोनदा गप्प बसा म्हटल्यावर तिसऱ्यांदा नर्सलाच विचारलं, "तू कुठं बांधतीस गं नाडा?"

कापलेला भाग तपासून आला. कडा स्वच्छ होत्या, सगळं निघालं होतं. डॉक्टरीणबाई हसल्या आणि म्हणाल्या, "मावशी, सुटलात. दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं. आणि एक लक्षात ठेवा, कमरेला आता काही आवळायचं नाही. कधीच."

ऑपरेशन परवडलं, हे नाही परवडलं. नाडा बांधायचा नाही तर नेसायचं काय? आशानं मॅक्सी आणली. साळूबाईनं घातली, आरशात पाहिली आणि काढून ठेवली. "आजाऱ्यावानी दिसतंय. मी बरी झाले ना?" सलवार म्हणावी तर तिलाही नाडाच. शेवटी प्रकरण सगीराकडं गेलं. सगीरानं विचार करून एक वस्तू शिवली: वरती बिनबाह्यांची बंडी, तिला खाली परकर जोडलेला, सगळा भार खांद्यावर, कमरेला नुसती मऊ रुंद पट्टी आणि तिच्यात निऱ्या अडकवायला पिना. पहिला प्रयत्न पार फसला. खांदे आखूड झाले, साळूबाई खाली बसली की परकर गुडघ्यापर्यंत वर चढायचा. दोघी हसून हसून भिंतीला टेकल्या. "झबलं हाय गं हे! बारशाला घालतात तसलं!" दुसऱ्यांदा सगीरानं खांदे वाढवले, आणि जमलं. पातळ वरून नेसल्यावर आत काय आहे कुणाला पत्ता लागेना. नाव मात्र झबलंच राहिलं.

दगडाबाईला ते कळल्यावर तिच्या तोंडाला सुट्टी नव्हती. सत्तरी ओलांडलेली ही थोरली जाऊ शेजारच्याच घरात राहायची आणि रोज येऊन दारात बसायची. पुढं गुडघ्यांमुळं काष्टा घालणं होईना, म्हणून तीही गेली कितीतरी वर्षं पाचवारीच नेसत होती, पण हे तिला आठवत नसावं. "म्हातारपणी झबलं! आता पाळण्यात घालून हलवायची का हिला?" साळूबाई म्हणायची, "हलवा की आक्का, अंगाई म्हणा." यावर दगडाबाई फणकारून तोंड फिरवायची.

चैत्र लागला आणि कुरडयांचा मुहूर्त झाला. डॉक्टरांनी वजन उचलू नका, वाकू नका म्हणून सांगितलं होतं, तेव्हा साळूबाईला गच्चीवर खुर्ची टाकून दिली. गल्लीतल्या बायका सोऱ्या घेऊन बसल्या. आशा चीक घोटून वर पाठवत होती, जुन्या सुती पातळांवर पांढऱ्या कुरडया एकेक करून पडत होत्या. सगीरा मदतीला म्हणून आली होती आणि नुसती गप्पा मारत होती. दगडाबाई जिन्याच्या सावलीत बसून कुणाची कुरडई वाकडी पडली ते सांगत होती.

बायकांनी झबल्याचा विषय काढला, आणि साळूबाईला तेवढंच पाहिजे होतं. तिनं काहीएक हातचं न राखता सगळं सांगितलं. काळं कडं, कोंडा, पांढरे ठिपके, जखम, चिंधी. "कोड म्हणून लपिवलं मी. वीस वर्षं. कोड नव्हतंच! डॉक्टरीणबाई म्हनल्या, लई बायांना असतंय, समद्यांना काय कॅन्सर व्हत नाय. पण दाखवायला तर पायजे ना? आता सांगा, कुणाकुणाला हाय?"

सगळ्यांचे सोरे थांबले.

"बरं," साळूबाई म्हणाली. तिनं जिन्याचं दार लावायला सांगितलं, खुर्चीतून उठली आणि ज्या कमरेपायी ती डॉक्टरशी झगडली होती ती कंबर भर उन्हात सगळ्यांसमोर उघडी केली. काळं कडं अजून होतं, फिकट झालेलं, आणि डाव्या अंगाला ऑपरेशनचा गुलाबी व्रण. "बघा. मेले का मी?"

मग काय विचारता! एकीनं खुसुखुसू हसत पातळाची कड खाली केली, मग दुसरीनं. कुणाला लाल वळ, कुणाला काळा पट्टा. सगीरानंही सलवारीच्या नाड्याखालचा आपला डाग दाखवला. "मेरेको बी है रे, इत्ता सा." हसणं, ओरडणं, 'अगं बया, तुलाबी?' असा नुसता गिल्ला झाला. जखम मात्र कुणालाच नव्हती. साळूबाई एकेकीला बजावत होती: नाडा सैल, पट्टी रुंद, गाठीची जागा बदलत जा, आणि भरेना अशी जखम झाली तर आधी दवाखाना. या गडबडीत दगडाबाई कधी उठून खाली गेली ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या पातेल्यातला चीक कुठवर आला ते बघायला साळूबाई जिना उतरली. आशा सोऱ्यांना तेलाचा हात लावायला वर गेली होती. खाली स्वयंपाकघरात कुणी नव्हतं, फक्त गॅसजवळ भिंतीला टेकून दगडाबाई उभी होती. चीक नुकता दाटायला लागला होता. या वेळी हात थांबला की सगळं पातेलं फुकट जातं, हे दगडाबाईलाही ठाऊक होतं. ती दांडा हातात धरून नुसती उभी होती, घोटत नव्हती.

"आक्का, घोटा की! करपतंय."

दगडाबाईनं दांडा पातेल्यात सोडला. मागं वळून तिनं दार लोटलं. मग पातळाची कड खाली केली. काळ्या कड्यात, उजव्या अंगाला, चिंधीची घडी होती. घडी ओली होती.

"साळे," ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिनं जावेला या नावानं कधी हाक मारली नव्हती. "मला वाटलं, मपलं एकटीचंच हाय."

टेबलावर झोपताना, रिपोर्ट ऐकताना, टाके पडताना जी रडली नव्हती ती साळूबाई तिथं उभ्या उभ्या ढसाढसा रडली. दगडाबाईला काय करावं सुचेना. तीच उलट तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली आणि म्हणाली, "अगं, चीक बघ, चीक लागतोय."

"लागू द्या," साळूबाई म्हणाली. तिनं गॅस बंद केला, पदरानं तोंड पुसलं, आणि सगीराला खाली यायला हाक मारली, आशाला रिक्षा आणायला. हाक एवढी मोठी होती की गल्लीतून चाललेला भाजीवाला थांबला.

"आत्ता?" दगडाबाई घाबरून म्हणाली. "उद्या जाऊ. मी जरा धड पातळ तरी नेसते."

"जसं हाय तसं चला," साळूबाईनं तिचा दंड धरला. "दवाखान्यात तुमी डोळे मिटून पडा. बाकीचं मी बघते."